मामाची मुलगी आम्हाला चालते, त्यांना चालत नाही. मग चूक-बरोबर कुणी ठरवायचं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट मांडला नाही तर उत्तरं भलतीकडे जातील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची मिरजेची. नोकरीमुळे गेली काही वर्षं गुरुग्रामला असते. आई-बाबा मामे-आते भावंडं, म्हणजे बाबांनी सख्ख्या मामाची मुलगी केली. आमच्याकडे ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्टच नाही. आई अजूनही सासूला 'आत्या' म्हणूनच हाक मारते. लग्नाच्या फोटोत बाबांच्या पाठीशी चुलत मामा उभे आहेत, कारण सख्खे मामा मुलीचे वडील म्हणून पलीकडे. हा फोटो लहानपणापासून बघत आले, त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

ऑफिसात माझी एक जवळची मैत्रीण आहे, हरियाणातल्या जींद जिल्ह्यातली, जाट घरातली. डबा खाताना सहज विषय निघाला आणि मी हे बोलून गेले. ती खाता खाता थांबली. मी मस्करी करतेय असं तिला आधी वाटलं. खरं आहे म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला किळस हाच शब्द आहे. मला दुखवायचा तिचा हेतू अजिबात नव्हता, पण ते तिच्या आतून आलं होतं.

मग तिनं तिच्याकडची रीत सांगितली. स्वतःचं गोत्र वर्ज्य, आईचं वर्ज्य, बऱ्याच घरांत आजीचंही वर्ज्य. स्वतःचं गाव वर्ज्य, कारण गावातली प्रत्येक मुलगी बहीण. शिवेला शीव लागून असलेली गावंही वर्ज्य, आणि ज्या गावांशी पूर्वापार भाईचारा आहे तीही. सून आणायची ती लांबून. मी म्हटलं, नियम आमच्यातही आहेत. देवक एक असेल तर मराठ्यांत लग्न होत नाही. चुलत बहीण आणि मावसबहीण या सख्ख्या बहिणीसारख्याच, तो विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही. मुलानं मामाची मुलगी करावी, पण आत्याची मुलगी करणं आमच्या आजीला पसंत नसायचं, लेक दिलेल्या घरातून परत लेक आणू नये म्हणायची. आमच्या गल्लीतल्या मुसलमान घरात चुलत भावंडांचं लग्न झालं तेव्हा आमचं सगळं घर जेवायला गेलं होतं. कर्नाटकातून आलेल्या शेजाऱ्यांच्या काकूंचं लग्न तर सख्ख्या मामाशी झालेलं. एका गल्लीत इतक्या रीती, आणि कुणी कुणाला पापी म्हटल्याचं मला आठवत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी मनोज-बबलीचं नाव काढलं. कैथल जिल्ह्यातलं करोडा गाव, दोघं एकाच गोत्राची. २००७ साली पळून जाऊन लग्न केलं, कोर्टात जबाब देऊन परत जाताना त्यांना पळवून नेलं आणि मारलं. त्यावर मैत्रीण म्हणाली, "मारणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यांनी केलं तेही चूकच होतं. तू तुझ्या घरचं 'आमच्यात चालतं' म्हणून सांगतेस ना? मग आमच्यात चालत नाही, हे तू मान्य कर. आमच्या रीतीला मागासलेली म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?"

मला उत्तर देता आलं नाही. 'ज्याची त्याची रीत' ही ढाल मी स्वतःसाठी वापरते, तर तिच्या हातातून ती कशी काढून घेऊ? आणि तिच्या रीतीला कुठलं माप लावायचं ठरवलंच, तर ते माझ्या घरालाही लागू होणार. त्या मापात माझे आई-बाबा कुठे बसतात?

'कायद्यात काय आहे ते बघा' एवढंच लिहू नका, प्लीज. मला कायद्यापलीकडचं हवंय.

वऱ्हाडी मास्तर:

ताई, कायद्यापलीकडचं मागता, पण कायदा टाळून चालणार नाही, कारण तुमचा पेच त्यानं फार विचार करून सोडवलेला आहे. मी अकोल्याचा, शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आम्ही देशस्थ ब्राह्मण, आमच्या घरात मामाची मुलगी चालत नाही. सोलापूर-विजापूरकडच्या देशस्थ नातेवाइकांत सर्रास चालते. तेव्हा हा मराठी विरुद्ध हरियाणवी असा मामला नाहीच. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांचा अभ्यास मांडला, त्यात उत्तरेची आणि दक्षिणेची रीत एकमेकींत मिसळते तो मधला पट्टा म्हणूनच महाराष्ट्राकडे पाहिलं आहे.

आता कायदा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांची यादी आहे, आणि भाऊ-बहिणीची मुलं, म्हणजे मामे-आते भावंडं, त्या यादीत आहेत. पण पाचव्या कलमात लगेच म्हटलंय की दोघांच्या रूढीला मान्य असेल तर अशा लग्नाला हरकत नाही. म्हणून तेच लग्न मिरजेत वैध आणि जींदमध्ये रद्दबातल. दुसरीकडे, सगोत्र लग्नाची आडकाठी १९४६ च्या कायद्यानं काढून टाकली, १९५५ मध्येही ती परत आणली नाही. २०१० च्या सुमारास खाप पंचायतींनी, म्हणजे तिकडच्या जातपंचायतींनी, सगोत्र लग्नावर बंदी घाला अशी जोरात मागणी केली होती, ती मान्य झाली नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. रूढी म्हणते 'करायला हरकत नाही', तिथे कायदा रूढीचं ऐकतो. रूढी म्हणते 'केलंत तर याद राखा', तिथे ऐकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या मार्चमध्ये शक्तिवाहिनी खटल्यात हेच सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खापनं पडायचं काहीही कारण नाही.

तुमच्या मैत्रिणीला गावातल्या मुलाशी लग्न करावंसं वाटत नाही, त्याचा विचारही नकोसा वाटतो, तर तिचा तो नियम पूर्ण सन्मानाचा आहे. तिला कुणी मागास म्हणू नये. नियम मोडणाऱ्या दुसऱ्याचं काय करायचं, हा प्रश्नच वेगळा आहे. ती दोन्ही एकत्र बांधतेय.

आणि एक. हे 'तिकडचं' आहे असं कृपा करून समजू नका. २०१३ च्या जानेवारीत नगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली ती प्रेमप्रकरणावरूनच. तिथे गोत्र आडवं आलं नव्हतं, जात आली होती.

निमशहरी:

मास्तरांचं बरोबर आहे, पण ताईंचा प्रश्न त्याच्या एक पायरी खाली आहे. कायद्यानं असं ठरवलं, ठीक. पण 'दोघा सज्ञानांची संमती' हेच माप का? तेही कुठल्या तरी एका संस्कृतीतून आलेलं असणारच. मैत्रीण म्हणू शकते की हे तुमचं शहरी, विलायती माप, आमच्यात लग्न दोन माणसांचं नसतं, दोन गावांचं असतं.

हा आक्षेप फालतू नाही. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहायचं काम चालू असताना अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, मुख्यतः मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनी, नेमकं हेच लिहून पाठवलं होतं. प्रत्येक समाजाची मूल्यं त्या समाजातूनच येतात, मग पश्चिमेची मूल्यं सगळ्या जगाची म्हणून कशी लादणार? गोऱ्यांनी 'तुम्हाला सुधारतो' म्हणत दीडशे-दोनशे वर्षं काय केलं ते डोळ्यांसमोर होतं. त्या काळी हे बोलायला धैर्य लागत होतं, आणि मला त्या भूमिकेबद्दल आदर आहे.

पण पुढे काय झालं ते पाहा. जाहीरनाम्याचं सोळावं कलम लग्नाबद्दल आहे, दोघांच्या मोकळ्या आणि पूर्ण संमतीनंच लग्न व्हावं असं ते सांगतं. सौदी अरेबियानं त्यावर आक्षेप घेतला आणि शेवटच्या मतदानात तटस्थ राहिला. पाकिस्ताननं मात्र बाजूनं मत दिलं, आणि तिथल्या प्रतिनिधी शाइस्ता इकरामुल्ला या कलमाच्या बाजूनं बोलल्या. मसुदा करणाऱ्या आयोगावर आपल्या हंसा मेहता होत्या, पहिलं कलम पुरुषांपुरतं राहू नये म्हणून भांडल्या. या दोघींना विलायती कसं म्हणायचं? बालविवाह, जबरदस्तीची लग्नं त्यांनी आपापल्या समाजात जवळून पाहिली होती. हे माप त्यांना कुणी बाहेरून आणून दिलेलं नव्हतं.

'हरियाणाची संस्कृती असं म्हणते' या वाक्यात मला खोट दिसते ती हीच. कोण म्हणतं? करोडा गावात मनोजची आईसुद्धा राहत होती. गावानं तिच्या घरावर बहिष्कार टाकला, तरी ती मुलगी सोबत घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. २०१० मध्ये कर्नालच्या कोर्टानं पाच जणांना फाशी सुनावली, ती बऱ्याच अंशी या दोघींच्या चिकाटीमुळे. पुढे उच्च न्यायालयात त्या शिक्षा कमी झाल्या, काही सुटले, तो भाग निराळा. त्याच गावातली, त्याच भाषेतली, त्याच रीतीत वाढलेली ती बाई. खापचा म्हातारा बोलतो ती हरियाणाची संस्कृती, आणि ही माउली बोलते ते काय? गावात जो मोठ्यानं बोलतो त्याचं म्हणणं ती संस्कृती असं धरलं, तर 'ज्याची त्याची रीत' म्हणणारा सापेक्षतावाद म्हणजे फक्त बलवानाची वकिली होऊन बसतो.

डॉक्टर सोलापूर:

मी बालरोगतज्ज्ञ. दोन ओळी लिहायला आलो होतो, वाढल्या.

इथे 'नुकसान कुणाचं होतं ते बघा' असं माप लावायचं तर वैद्यकीय बाजू लपवून चालणार नाही, आणि ती ताईंच्या मैत्रिणीच्या बाजूची आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. एखाद्या आजाराचं सदोष जनुक आजोबांकडून दोघांकडेही आलं असेल तर दर गरोदरपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. एकूण हिशेब असा की कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना गंभीर जन्मजात दोष असतो, आणि अशा नात्यातल्या लग्नांत त्यात साधारण आणखी दोन-तीनची भर पडते. पिढ्यान् पिढ्या त्याच दोन घरांत देवाणघेवाण चालली असेल तर जास्त. माझ्याकडे येणाऱ्या जन्मतः बहिऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मी पहिला प्रश्न नात्याचाच विचारतो.

सगोत्र लग्नाच्या बंदीला उलट असा काही आधार नाही. वीस पिढ्यांपूर्वीचा एक पूर्वज समान असण्यानं वैद्यकीयदृष्ट्या फरक पडत नाही.

पण म्हणून नात्यातलं लग्न अनैतिक, असं मी म्हणणार नाही. शंभरातली पंचाण्णव बाळं ठणठणीत असतात. वयाच्या चाळिशीत आई होणाऱ्या बाईलाही धोका असतो, तिला आपण पापी म्हणत नाही. जोडप्याला खरी माहिती द्यायची, थॅलेसेमियाची तपासणी करायची, बाळाच्या कानांची तपासणी जन्मल्या जन्मल्या करायची. नॉर्वेनं २०२४ मध्ये अशा लग्नांवर कायद्यानं बंदी आणली. माझ्या मते सल्ला आणि तपासणी यांनी जे साधतं ते बंदीनं साधत नाही, लोक फक्त डॉक्टरांपासून नातं लपवायला लागतात.

कृष्णाकाठ:

डॉक्टर, स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. आम्ही दोघं भावंडं ठणठणीत आहोत, पण बाबांच्या एका मामेभावाच्या घरी दोन मुलं ऐकू न येणारी आहेत आणि त्या घरात नात्यातलं लग्न सलग झालेलं आहे. हे आमच्यात कुणी बोलत नाही. 'देवाची मर्जी' म्हणतात.

निमशहरी, मनोजच्या आईचा मुद्दा फार पटला. तो मैत्रिणीपुढे ठेवणार आहे. पण मग आमच्या रीतीतही अशी एखादी आई असेलच ना, जिचं आम्ही ऐकलेलं नाही?

शिरोळची लेक:

आहे. मी आहे. गेली काही वर्षं इथे नुसती वाचत आले, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या बारशाला आत्यानं पदर पसरून मला मागून घेतली. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. पुढे प्रत्येक दिवाळीला 'आमची सून' म्हणून माझ्यासाठी वेगळा परकर-पोलका यायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. आतेभाऊही वाईट नव्हता. पण मी त्याच्या पाठीवर बसून मोठी झालेली, मला तो भाऊच वाटायचा. तुमच्या जींदच्या मैत्रिणीला जे वाटलं ना, ते मला आतून ठाऊक आहे. रीत कितीही म्हणू दे चालतं, मला चालत नव्हतं.

बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. तारीख धरायची बोलणी निघाली आणि मी नको म्हटलं. कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. वडील गप्प झाले. आजी म्हणाली, मामाची पोरगी हक्काची असते, हक्काला नाही कसं म्हणतेस? आत्या उठली, पिशवी घेतली आणि एसटीला गेली. त्यानंतर तिनं माहेरचा उंबरा चढायचा सोडला. वडिलांना ओवाळायला ती कित्येक वर्षं आली नाही. दर भाऊबिजेला आई पाट मांडायची आणि वडील शेतावर निघून जायचे. घरात जे काही बिनसेल त्याचं बोट माझ्याकडे.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. आजोबा गेल्यावर आत्यानं जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. ऊस लागणारी, पाण्याखालची जमीन. तिनं सही केली ती याच बोलीवर की भावाची लेक आपल्या घरात येईल. कागदावर हे कुठेच नव्हतं. जमिनीत बहिणीनं वाटा मागितला तर माहेर तुटतं, म्हणून तिनं वाटा सोडला आणि मला मागून घेतलं. मी नको म्हटल्यावर तिच्या हातात ना जमीन राहिली ना सून. तिचा राग मला आज कळतो. तो माझ्यावर निघाला, पण तिचा खरा हिशेब माझ्या वडिलांशी होता.

मिरजेच्या ताई, तुमच्या आई-बाबांचा संसार सुखाचा असेल, असाच राहो. मी रीतीला नावं ठेवत नाही. माझ्या दोन मैत्रिणी मामाच्याच घरी... म्हणजे आत्याच्या घरी दिल्यात, आणि सासूशी त्यांचं आईसारखं आहे. अनोळखी घरात जाऊन पडण्यापेक्षा ते कितीतरी बरं, हे मीही मानते. पण 'आमच्यात चालतं' हे वाक्य ज्यांनी नको म्हटलं त्यांना न विचारताच म्हटलं जातं. करोड्याला मुडदे पडले, आमच्याकडे फक्त अबोला पडला, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मी पुसणार नाही. तरी मला विचाराल तर दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच, नको म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं.

वऱ्हाडी मास्तर:

लेकी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. हक्कसोडपत्राचं तू जे सांगितलंस ते वकिलांच्या कार्यालयात रोज घडतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरचा वाटा दिला, केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. तरी बहिणीची सही घ्यायची रीत आहे ती आहे. जींदमध्येही सून लांबून आणि लेक लांब द्यायच्या रीतीचा जमिनीशी संबंध असणारच, लेक गावातच राहिली तर वाटा मागायला ती दारात उभी राहील.

निमशहरी:

मास्तर, हे जबरदस्त आहे. वरवर एकमेकांच्या उलट्या दिसणाऱ्या दोन रीती. एक म्हणते जवळ दे, दुसरी म्हणते लांब दे, आणि दोन्हीकडे बापाच्या शेतात लेकीचा पाय नको. मग मिरज आणि जींद यांची मूल्यं वेगवेगळी आहेत, असं म्हणताना आपण किती वर-वरचं बघत होतो.

डॉक्टर सोलापूर:

सगळंच जमिनीवर नेऊ नका. मुस्लिम कुटुंबांत लेकीचा वाटा धर्मानंच सांगितलेला आहे आणि चुलत भावंडांची लग्नंही होतात. माणसं ओळखीत मुलगी देतात ती काळजीपोटीसुद्धा. माझ्या दवाखान्यात मला ते रोज दिसतं.

कृष्णाकाठ:

काल रात्री आईला फोन केला. तुला विचारलं होतं का, असं सरळच विचारलं. ती म्हणाली, "विचारलं होतं की. आत्यानंच विचारलं, मला आवडत होते तुझे बाबा." मग म्हटलं, नको म्हणाली असतीस तर? ती जरा थांबून म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीनं म्हटलं होतं ना." मावशीचं लग्न उशिरा आणि लांब झालं एवढंच मला माहीत होतं. तिलाही आधी आमच्याच भावकीत मागितलं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मावशी आमच्याकडे कमी का यायची, तेही आत्ता लक्षात येतंय.

मैत्रिणीला मी आता असं सांगणार आहे. तुझा नियम तुझ्यासाठी मला शंभर टक्के मान्य. माझ्या आई-बाबांबद्दल तुला जे वाटलं त्याचाही राग नाही. पण करोड्याच्या त्या दोघांनी चूक केली, हे मी मान्य करणार नाही. आणि मामाच्या मुलीबद्दल तू मला प्रश्न विचारू शकतेस, मी 'आमची रीत' म्हणून तुझं तोंड बंद करणार नाही. ती चिडेल बहुतेक. तरी बोलणार आहे.

शिरोळची लेक:

बोला. चिडली तरी मैत्रीण आहे, ऐकेल.

आणि ताई, मिरजेला गेलात की आणखी एक विचाराल का? तुमच्या आजीनं, म्हणजे आईच्या आत्यानं, भावाला हक्कसोड लिहून दिलं होतं का? असेल तर सातबाऱ्याच्या फेरफाराला त्याची नोंद सापडेल, आणि साल बघा. तुमच्या आई-बाबांच्या लग्नाच्या आधीचं आहे की नंतरचं.